मार्जिन

वर्षभर ते पित्तच होतं.
आमसुलाचं पाणी, भिजवलेले धने, रात्री लवकर जेवण,
बिबवेवाडीच्या डॉक्टरांच्या गुलाबी गोळ्या.
गिऱ्हाईक बायासुद्धा सांगायच्या, चहा सोडा मावशी,
आणि मी त्यांच्या छातीभोवती टेप धरून
हो हो म्हणत चौतीस लिहायचे.

उजव्या बरगडीखाली दुखायचं
वाकून कापड बेतताना.
वाटलं, धंद्याचं दुखणं आहे.
खांदा भरतो, तसं हेही भरत असेल.

सोनोग्राफीवाल्या मुलाने जेल पुसायला कागद दिला
आणि माझ्याकडे न बघता वैजूला आत बोलावलं.
खडे होतेच. खड्यांच्या आड ते बसलं होतं,
पिशवीच्या भिंतीतून यकृतात शिरलेलं.

चार केमो आधी. केस गेले, पदर डोक्यावर आला.
मग डॉक्टर मुजावर.
वयाने माझ्या वैजूएवढ्या असतील,
कोटाचा डावा खांदा उतरलेला. मी बघितलं, बोलले नाही.
त्यांनी कागदावर यकृत काढलं,
त्याखाली पिशवी, उसवून लोंबणाऱ्या खिशासारखी,
आणि पेनाने भोवती रेघ मारली:
हे सगळं काढायचं, गाठींसकट,
मार्जिन धरून.

किती धरता?
दोन सेंटीमीटर.
म्हणजे पाऊण इंच.
त्या थांबल्या. मग हसल्या. हो, पाऊण इंच.
मी म्हटलं, आम्ही मार्जिन आत ठेवतो,
बाई अंगाने भरली तर उसवायला.
तुम्ही तर चांगलं असलेलंच कापता.
हो, म्हणाल्या. कडेला वाईटाचा एक धागा राहायला नको.

पण त्याआधी दुर्बीण.
आत पसरलेलं दिसलं तर
काही न काढता बाहेर यायचं.
हे त्यांनी दोनदा सांगितलं,
एकदा मला, एकदा माझ्या नवऱ्याला,
जो तेव्हा भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर वाचत होता.

रात्रभर वॉर्डात मी हिशेब मांडला.
सकाळी आठला नेणार.
शुद्ध आली नि घड्याळात दहा असले,
पोटावर तीन चिकटपट्ट्या,
तर समजायचं.
संध्याकाळ असली,
तर तेही समजायचं.
खाली स्टँडवर एक रिक्षावाला
मीटरला फडकं गुंडाळून मागच्या सीटवर झोपलेला.

डोळ्यांपुढे आधी छत आलं, मग कुणाचा तरी चष्मा.
किती वाजले? विचारलं, आवाजच फुटला नाही.
मग हात सरकवला, सलाइनच्या नळीसकट, चादरीखाली.
पट्टी लागली. पुढे गेले, पट्टीच.
बरगडीखालून आडवी, मग खाली वळलेली,
संपेचना.
एवढी मोठी जखम हाताला लागली म्हणून
आनंदाने रडणारी बाई
त्या सिस्टरने पहिल्यांदाच बघितली असेल.
दुखतंय का हो मावशी?
नाही गं. वीतभर आहे. वीतभराहून जास्तच आहे.

अठ्ठावीस पिना, स्टेपलरच्या. ड्रेसिंगला मोजल्या.
हातशिलाई नाही याचं जरा वाईट वाटलं,
पण रांग सरळ होती.
रिपोर्ट पंधरा दिवसांनी: कडा साफ.
नऊ गाठींपैकी दोन खराब.
म्हणजे पुन्हा केमो, दर तीन महिन्यांनी स्कॅन,
आणि डॉक्टर मुजावर कधी 'बरं झालं' म्हणत नाहीत,
'सध्या ठीक' म्हणतात.
यकृत मात्र परत वाढतं म्हणे.
कापडाला हे कधी जमलेलं नाही.

दुकान उघडते आता, दुपारचं फक्त.
लक्ष्मी रोडवरून अस्तर वैजू आणते,
हमखास एक छटा चुकवून.
माझे स्वतःचे ब्लाउज झोळ झालेत.
काल सगळे आत घेतले, दोन्ही बाजूंनी बोटभर.
वैजू म्हणाली, आई, जास्तीचं कापून टाक ना, टोचेल.
राहू दे म्हटलं.
टोचलं तर टोचलं.